कवळीवाल्यांचे दिवे

कवळीवाल्यांना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून वाटायचं, की हा माणूस स्वतःच्या हौसेपायी एवढी उठाठेव करत होता. हौस होतीच, नाही कोण म्हणतं. पण स्टिअरिंगला त्यांनी जन्मात हात लावला असेल तो फडक्यासकट. गाडी चालवायच्या त्या बाई.

बाई म्हणजे त्यांची बायको. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे अख्खी वसाहत त्यांना बाईच म्हणायची. कवळीवालेसुद्धा चारचौघांत ‘बाईंना विचारून सांगतो’ म्हणायचे. घरात ‘अगं’वर भागायचं.

त्यांचं स्वतःचं नाव पडलं ते धंद्यावरून. चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या. दवाखान्यात खुर्चीवर बसवून तोंड उघडायला लावतात ते डॉक्टर वेगळे. कवळीवाले मागच्या गल्लीतल्या एका खोलीत, गॅसची ज्योत, मेण, प्लास्टर आणि पॉलिशचं चाक घेऊन बसायचे. डॉक्टरांकडून जबड्याचा प्लास्टरचा साचा यायचा आणि सोबत चिठ्ठी: ‘खालची डावीकडे टोचते’, ‘वरची बोलताना सुटते’. हे त्याप्रमाणे घासायचे, भरायचे, परत पाठवायचे. ज्याच्या तोंडात ती कवळी जायची तो माणूस गोरा की काळा, हसरा की रडका, यांना पत्ता नसायचा. एकदाच बँकेतल्या खिडकीमागची म्हातारी कारकुनीण हसली आणि वरचे पुढचे दोन दात यांनी ओळखले. आपलेच. काम झाल्यावर परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, फक्त ते दात पुन्हा बघायला. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, मग सांगायचं ना तिला. तर म्हणे, काय सांगू, तुमचे दात माझे आहेत?

असा हा माणूस. बोलण्यात कंजूष, हाताने उदार. निवृत्त झाल्यावर पॉलिशचं चाक घरी आणून मागच्या गॅलरीत बसवलं आणि सहा महिने जे मोडलं नव्हतं ते दुरुस्त करत सुटले. दाराची बिजागरी, कुकरची मूठ, शेजारणीच्या चष्म्याची काडी. बाईंच्या नाकी नऊ आले. मग एका थंडीत त्यांना गाडी सापडली, आणि ती सापडवून दिली बाईंनीच, एक थाप मारून.

त्याचं असं झालं. गावाबाहेर, टेकडीवर, म्हाताऱ्या माणसांसाठी एक वसतिगृह होतं. तिथे बाईंची थोरली बहीण राहायची. वयाने सात वर्षांनी मोठी, पायाने अधू, जिभेने धडधाकट. दर गुरुवारी बाई गाडी काढून तिच्याकडे जायच्या आणि थोरलीची दुपारची झोप झाली की चार ते सहा दोघी रमी खेळायच्या. वर्गात ज्या बाईंसमोर पोरं चळाचळा कापायची त्या बाई थोरलीसमोर हरायच्या, टोमणे खायच्या, आणि येताना दहा वर्षांनी तरुण होऊन यायच्या. आईवडील कधीचेच गेलेले. बाईंना परकर-पोलक्यात पाहिलेलं माणूस जगात आता तेवढं एकच उरलं होतं. खाली यायची शेवटची बस पाचला सुटायची आणि भाड्याच्या गाड्या टेकडी म्हटली की नाक मुरडायच्या. म्हणजे गाडी असेल तर गुरुवार. गाडी नाही तर थोरलीही नाही.

थंडीत सहाला अंधार पडतो. गेल्या थंडीपासून बाईंच्या लक्षात आलं होतं, की समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे आता दोन राहत नाहीत. ते कापसासारखे पिंजले जातात आणि सगळ्या काचेवर पसरतात. दिवसा ठीक. पण दिवसासुद्धा पांढरी भिंत जुनी वाटायची आणि फळ्यावर कुणीतरी डस्टर फिरवून गेल्यासारखं जग जरा पुसट दिसायचं. बाई काही अडाणी नव्हत्या. याला काय म्हणतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि इलाज अर्ध्या तासाचा आहे हेही. पण त्यांच्या आईचा एक डोळा अशाच शस्त्रक्रियेत गेला होता, फार वर्षांपूर्वी, आणि ती पट्टी बांधलेली आई त्यांनी रोज शाळेतून आल्यावर पाहिली होती. आता तसं होत नाही म्हणून सांगितलं की भीती पळते, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिकलेल्या माणसांच्या भीत्या पाहिलेल्या नाहीत. अडाणी माणूस नुसता घाबरतो. शिकलेला घाबरतो आणि वर कारणं देतो.

त्यात लेकीची टकळी. ती दुसऱ्या गावी राहायची, रविवारी फोन करायची, आणि गाडी फाटकाच्या खांबाला पहिल्यांदा घासली तेव्हापासून दर रविवारी म्हणायची, आई, आता पुरे, विकून टाका. डोळ्यांचं नाव काढलं असतं तर तिने सोमवारी सकाळी गिऱ्हाईक दारात उभं केलं असतं.

तेव्हा गाडी दुसऱ्यांदा त्याच खांबाला घासली आणि कवळीवाल्यांनी विचारलं, ‘काय झालं?’, तेव्हा बाई पटकन बोलून गेल्या, ‘दिवे मंद झालेत हो.’

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर, काचेच्या कोपऱ्यात, चिठ्ठ्यांचं एक छोटं पॅड चिकटवलेलं आणि दोरीने पेन्सिल बांधलेली. फेरीवरून आलं की काय त्रास झाला तो त्यात लिहायचा, तारीख घालून. बाईंनी डोक्याला हात लावला. शेजारी जेवायला बसणारा नवरा, आणि त्याच्याशी चिठ्ठीतून बोलायचं. पण मग मनात म्हणाल्या, लिहायला काय, तोंडावर खोटं बोलण्यापेक्षा बरं.

पहिल्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं, ‘पुढचा रस्ता पिवळट.’

गाडी बारा वर्षांची. हेडलाइटच्या प्लास्टिकच्या काचा उन्हाने पिवळ्या आणि धुरकट झालेल्या होत्याच, तेवढं खोटं नव्हतं. कवळीवाल्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हे तर त्यांचंच काम. आधी बारीक पॉलिश पेपर पाण्यातून, मग त्याहून बारीक, मग कवळीला जी पूड लावतात ती ओली करून, आणि शेवटी छोट्या ड्रिलला कापडी चकती लावून. दोन दिवस गाडीसमोर पाटावर बसून होते. काचा अशा निघाल्या, की जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. वसाहतीतल्या चार जणांनी आपापल्या गाड्या ओळीने आणून लावल्या आणि कवळीवाल्यांनी त्या चहाच्या कपावर घासून दिल्या. एक जण म्हणाला, माझ्या गाडीला आता कवळी बसवली म्हणायची. ते हसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा हसलेले बाईंनी पाहिलं, आणि थाप मारल्याचं त्यांना थोडं कमी वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी समोरचे दिवे होते तसेच पिंजून आले.

आता दुसरी चिठ्ठी लिहिणं भाग होतं. ‘गाडीत चढता-उतरताना दिसत नाही.’ कवळीवाल्यांनी छतातला जुना बल्ब काढून एलईडी बसवला. पण तसा नाही, की दुकानातून आणला आणि खोचला. पहिल्या एलईडीत बाईंचा चेहरा प्रेतासारखा निळा दिसतो म्हणून तो परत केला. त्यांच्याकडे दातांच्या रंगांची पट्टी होती, सोळा चिनीमातीचे दात ओळीने खोचलेले, दुधासारख्या पांढऱ्यापासून चहा कोळून प्यायलेल्या पिवळ्यापर्यंत. ती पट्टी दुकानदाराच्या बल्बशेजारी धरून त्यांनी तिसऱ्या दाताच्या रंगाचा उजेड पसंत केला. दुकानदार अजून ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो. मग दारं उघडली की पायाखाली उजेड पडावा म्हणून सीटखाली पट्ट्या लावल्या. त्यांचा उजेड डोळ्यात टोचू नये म्हणून वर झाकणं हवी होती, आणि ती त्यांनी घरात होतं त्यातून बनवली. घरात होतं ते कवळीचं, म्हणजे हिरड्यांचं गुलाबी प्लास्टिक. त्या दिवसापासून दार उघडलं की गाडी आतून जबड्यासारखी दिसायला लागली. लेक सुट्टीत आली तेव्हा दारातच थबकली आणि म्हणाली, बाबा, यात बसायचं की चावून घ्यायचं?

सटरफटर वस्तूंचं तर विचारूच नका. बाईंच्या पर्सच्या पट्ट्याचा ठसा घेऊन त्याच्या मापाचा आकडा. चष्मा अडकवायला क्लिप. सीट आणि मधल्या कप्प्याच्या फटीत पेन पडू नये म्हणून स्पंजाची पट्टी. मोबाइल धरायला लोहचुंबक. मागे सरकताना कोकलणारा सेन्सर, तो तर फाटकाचा खांब दिसला की असा गळा काढायचा, की शेजारचं कुत्रं साथ द्यायचं. इंडिकेटरचे बल्ब बदलले तेव्हा ते वेड्यासारखे भराभर उघडझाप करायला लागले. नवे बल्ब वीज कमी खातात, त्यामुळे गाडीला वाटतं की एक बल्ब गेलाच आहे. यांनी दोन रेझिस्टर जोडून गाडीची समजूत काढली, ते तापतात म्हणून पत्र्यावर, वायरींपासून दूर बसवले, आणि जेवताना बाईंना हे सगळं अथपासून इतिपर्यंत समजावलं. पंचेचाळीस वर्षांत जेवणाच्या टेबलावर हा माणूस इतकं बोलला नव्हता. बाई ऐकायच्या. मनात म्हणायच्या, आज सांगू. मग त्यांच्या हाताला काळं लागलेलं दिसायचं, डोळ्यांतली चमक दिसायची. तेवढं त्यांना स्पष्ट दिसायचं. आणि मग, अळीमिळी गुपचिळी.

खरा घोळ झाला तो हेडलाइटच्या बल्बांनी. चिठ्ठी होती, ‘लांबचं दिसत नाही.’ कवळीवाल्यांनी जुन्या बल्बच्या जागी दुप्पट उजेडाचे एलईडी बसवले. भिंतीवर खडूने रेघा मारून, टेप लावून, दिव्यांची उंची सारखी केली. भिंतीवर सगळं ठीक दिसत होतं. रस्त्यावर मात्र समोरून येणारा प्रत्येक जण बाईंच्या तोंडावर मोठा दिवा मारायला लागला. एक जण खिडकी खाली करून ओरडत गेला. आधीच कापूस, त्यात आता हा सूड. बाई त्या गुरुवारी घाट अंदाजाने उतरल्या, रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा धरून, आंधळ्याने भिंत चाचपावी तशा.

चिठ्ठी खरी लिहिली: ‘समोरचे फार दिवे मारतात.’

कवळीवाले गॅरेजवाल्याकडे गेले. तो तोंडाने फटकळ, पण मनाने सरळ माणूस. त्याने दिवे लावून पाहिले आणि म्हणाला, ‘काका, मागची आरशाची वाटी जुन्या बल्बच्या मापाची आहे. त्यात हा बल्ब बसवला की उजेड रस्त्यावर कमी जातो आणि लोकांच्या डोळ्यांत जास्त. दुसऱ्याची कवळी तुम्ही तुमच्या तोंडात घालाल का?’ कवळीवाल्यांना हे लागलं. त्यांच्याच भाषेत त्यांचीच चूक दाखवली होती ना. तसेच घरी आले, बल्ब काढले, जुने बसवले, आणि दोन दिवस जेवणाच्या टेबलावर शांतता होती.

मग तो गुरुवार आला. खाली उतरून बाजाराच्या वळणावर बाई डावीकडे वळल्या आणि कुणीतरी ओरडलं. ब्रेक लागला तो पायाने, डोक्याने नव्हे. गाडीच्या डाव्या दिव्यापासून हातभर अंतरावर एक माणूस सायकल धरून उभा होता. चालत होता बिचारा, सायकलवर भाजीची पिशवी. तो रागावलाही नाही. खिडकीशी वाकून म्हणाला, ‘आजी, ठीक आहात ना?’ आणि गेला. बाई तिथेच वीस मिनिटं गाडी लावून बसल्या. बाईंनी आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं, उत्तर चुकलं तर चालेल, पायरी लपवायची नाही.

घरी आल्या, पॅड ओढलं, आणि लिहिलं, ‘डावीकडे अंधार.’

या दोन शब्दांची त्यांना पुढे जितकी लाज वाटली तितकी कशाचीच वाटली नसेल. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणसत्तर वर्षांचा तो माणूस पाठीखाली गोणपाट घालून गाडीखाली आडवा झाला होता, डाव्या बाजूला जास्तीचा दिवा बसवायला. नुसते पाय बाहेर. मोज्याला भोक. बाई चहा घेऊन गेल्या आणि तो कप तसाच धरून उभ्या राहिल्या. खालून आवाज आला, ‘आता बघ, डावीकडची मुंगीसुद्धा दिसेल.’

त्या दिव्याला झाकण हवं होतं. गुलाबी नको, एवढी अक्कल आता आली होती. शनिवारी दुपारी मागच्या गॅलरीत, चांगल्या लख्ख उजेडात, ते पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे रंगांच्या पट्टीला लावून बघत होते, आणि पट्टी हातातून पडली. सोळाच्या सोळा दात सुटून फरशीवर. आकडे तर वापरून कधीच पुसले गेलेले. त्यांनी हाक मारली, अगं, जरा लावून देतेस का. यात नवल काही नव्हतं. अवघड रंगाची कामं ते आधीपासून घरी आणायचे, आणि त्यांच्यापेक्षा बाईंची नजर पक्की. निळ्या शाईच्या चार छटांवरून कुणी कुणाची वही उतरवली ते सांगणारी बाई. सोळा दात त्या डोळे मिटून लावतील असं ते म्हणायचे.

बाई खाली बसल्या. अगदी पांढरे दोन समजले, अगदी पिवळे तीन समजले. मधले सगळे एकाच आईची लेकरं. त्यांनी एकेक उचलून उजेडाकडे धरला, फिरवला, मग गणिताच्या बाई असून अंदाजपंचे ठोकून दिले. ‘घ्या,’ म्हणाल्या, आणि गॅसवर काहीतरी आहे असं सांगून आत गेल्या. गॅसवर काही नव्हतं.

कवळीवाल्यांनी पट्टी हातात धरून बराच वेळ पाहिली. ‘बरं,’ एवढंच म्हणाले.

पुढचे चार दिवस ठोकाठोक नाही, ड्रिल नाही. डावीकडचा दिवा अर्धवटच राहिला. एकदा बाईंनी पाहिलं, तर गॅलरीत चाकाशेजारी त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे मांडल्या होत्या आणि चष्मा कपाळावर चढवून वाचत बसले होते. आता याच्या डोक्यात काय नवीन शिजतंय, असं वाटून बाई गुपचूप मागे फिरल्या.

गुरुवारी साडेतीनला त्या गाडीत बसल्या. पट्टा लावला. किल्ली फिरवायच्या आधी पॅडकडे लक्ष गेलं. वर एक चिठ्ठी, आणि अक्षर त्यांचं नव्हतं. खाली सही, खाली तारीख.

‘दिवे बरोबर आहेत. डोळे पाहावेत.’

बाईंना हा नमुना ठाऊक होता. एखादी कवळी दोनदा घासून दिली, तिसऱ्यांदाही तीच तक्रार घेऊन परत आली, की कवळीवाले काही न करता ती परत पाठवायचे आणि डॉक्टरांना एक ओळ लिहायचे: कवळी बरोबर आहे, तोंड पाहावे. डॉक्टर चिडायचे. पण पाहायचे, आणि नेमकं कुठेतरी हिरडी सुजलेली किंवा मूळ राहिलेलं निघायचं.

पहिल्यांदा त्यांना राग आला. मग इतकं हलकं वाटलं, की त्याचाही राग आला. पट्टा काढून त्या तरातरा आत गेल्या. कवळीवाले जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर काही नाही, हात मांडीवर, डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसतात तसे.

‘कधी कळलं?’ बाईंनी विचारलं.

‘शनिवारी. तू सहावा दात तिसऱ्या जागी लावलास.’

‘मग बोलला का नाहीत? पाच दिवस तोंड शिवलं होतं?’

‘मी कधी पेशंटशी बोललोय?’ ते म्हणाले. ‘मला चिठ्ठीच येते.’

बाई समोर बसल्या. मग सायकलवाला सांगितला. त्या माणसाने रागवायचं सोडून ‘ठीक आहात ना’ विचारलं, हे दोनदा सांगितलं. आईचा डोळा सांगितला, तो त्यांना माहीत होता. लेक गाडी विकायला लावेल हे सांगितलं, तेही माहीत होतं. आणि शेवटी, सगळ्यांत खाली दाबून ठेवलेलं: की हे सगळं कबूल केलं तर थोरली तिकडे एकटी पत्ते पिसत बसेल, आणि आपण इकडे म्हाताऱ्या होऊन जाऊ.

ते ऐकत होते. मग उठले, खिडकीचा पडदा पुरता सरकवला, आणि बाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असं त्यांनी कधी केलं नसेल. एकेक डोळा बघितला, अगदी जवळून. त्यांना त्यातलं काय कळणार होतं म्हणा.

‘आधीच बघायला हवं होतं,’ ते म्हणाले. ‘मी आपला दिवेच घासत बसलो.’

‘अहो, मीच लिहीत होते ना तसं.’

‘तेच तर. लिहिलेलं वाचलं. तुला नाही पाहिलं.’ मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. गुरुवारचं मी बघतो.’

गुरुवारचं बघतो म्हणजे काय, हे बाईंना त्याच दिवशी कळलं. थोरली वाट बघत असेल म्हणून कवळीवाले उठले, टोपी घातली, चारची बस धरून टेकडीवर गेले, आणि वीस मिनिटं रमी खेळून पाचच्या शेवटच्या बसने परत आले. आयुष्यात पत्ते हातात न धरलेला माणूस. पुढच्या आठवड्यापासून थोरलीने दुपारची झोप सोडली आणि हे दोनच्याच बसने निघायला लागले. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया सांगितली होती, मध्ये तीन आठवडे, आणि तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. असे सगळे मिळून आठ गुरुवार गेले, आणि आठही गुरुवारी हे. थोरली फोनवर तक्रार करायची, की तुझा नवरा पत्ते चोरत नाही, अशा माणसाशी खेळण्यात काय मजा. हरला तरी चेहरा तोच, जिंकला तरी तोच, भिंतीशी खेळल्यासारखं. पण चौथ्या गुरुवारी तिचा फोन आला तो वेगळ्याच सुरात. तिची खालची कवळी दोन वर्षं टोचत होती, आणि कुणी विचारत नव्हतं म्हणून ती सांगत नव्हती. यांनी खेळता खेळता पत्ते खाली ठेवले आणि म्हणाले, ताई, तोंड उघडा बघू. ती म्हणाली, ‘मेहुणे, एवढी वर्षं लग्नाला झाली, आता माझं तोंड बघताय?’ ते म्हणाले, हो, आत्ताच शिकतोय. आणि कवळी खिशात घालून घरी घेऊन आले, पुढच्या गुरुवारी परत नेली. थोरली म्हणे आता दाणे खाते आणि कुरकुर आवाज सगळ्या मजल्याला ऐकवते.

बाईंच्या डोळ्यांचं मात्र सगळं सुरळीत पार पडलं. पहिल्याच्या दिवशी त्यांनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती, की परिचारिकेला बोटं सोडवावी लागली. अर्ध्या तासात संपलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, आणि बाईंनी घरभर फिरून पाहिलं. स्वयंपाकघराची भिंत कळकट. पडदे धुवायला झालेले. गाडीच्या बाजूला फाटकाच्या रेघा दोन नव्हे, चार. म्हणजे दोन वेळा कळलंही नव्हतं. आणि गाडीचं दार उघडल्यावर त्यांनी वाकून सीटखालचं एकेक झाकण पाहिलं. मग म्हणाल्या, ‘हे असं गुलाबी होतं? आणि मी यात बसून गावभर फिरत होते?’ कवळीवाले म्हणाले, बदलतो. त्या म्हणाल्या, राहू दे, लेकीला चावायची भीती वाटते तेवढं बरंच आहे. लेकीला फोनवर त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, सायकलवाल्यासकट, काही न लपवता. ती पहिल्यांदा रडली, मग रागावली, मग म्हणाली, डॉक्टर हो म्हणाले तरच किल्ली. डॉक्टर हो म्हणाले.

तो नववा गुरुवार. थंडी अजून सरली नव्हती, सहाला काळोख. कवळीवालेही बरोबर गेले होते. थोरलीने दोघांना एकदम हरवायचं ठरवलं होतं आणि हरवलं. परत निघताना बाईंनी किल्ली फिरवली, जुनेच बल्ब लागले, घासलेल्या काचांतून रस्त्यावर नीट, बेताचा उजेड पडला. पहिल्या वळणापर्यंत त्या श्वास धरून होत्या. वळणावर समोरून ट्रक आला. दोन दिवे आले. दोनच. कडा असलेले, एकमेकांपासून वेगळे. ते मोठे झाले, बाजूने गेले आणि संपले. मागे डावीकडे दगडी कठडा दिसत होता, त्यावर वाळलेलं गवत दिसत होतं.

दुसरी गाडी आली, तिसरी आली. बाजाराच्या वळणावर त्यांनी गाडी पार हळू केली, डावीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, एक बाई मूल घेऊन उभी होती तिला जाऊ दिलं, आणि मग वळल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की शेजारचा माणूस मघापासून पुढे बघतच नाहीये. समोरच्या गाड्यांचा उजेड आत येतोय आणि जातोय, आणि हा आपला वळून बाईंच्या तोंडाकडे बघतोय.

‘अहो, समोर बघा,’ बाई म्हणाल्या.

‘मी समोर बघून काय करू?’ कवळीवाले म्हणाले. ‘गाडी तू चालवतेस.’